खोटे चार दिवस

लंकाची पाळी अमावास्येच्या आगेमागे यायची. घड्याळ नसलेल्या त्या घरात तिच्याएवढं वेळेवर दुसरं काही येत नव्हतं. पण दुष्काळाच्या त्या साली, बहात्तर सरून त्र्याहत्तर लागताना, मार्गशीर्षातली अमावास्या तशीच गेली. संक्रांतही गेली. आणि मग ओटीपोटात उजव्या अंगाला दुखायला लागलं.

दुसरी एखादी म्हणाली असती, गेले असतील दिवस, नाही तर नसतील. लंकाला तेवढीही सोय नव्हती. दिवाळी झाल्यावर तिचा नवरा जालिंदर पाथर्डीच्या शिबिरात जाऊन नसबंदीचं ऑपरेशन करून आला होता. तीन लेकरं पुरे, असं दोघांनी मिळूनच ठरवलं होतं. बारा गड्यांना घेऊन जीप निघाली तेव्हा लग्नाचं वऱ्हाड बघावं तसं गाव बघायला लोटलं होतं. आता ऑपरेशन झालेल्याच्या बायकोला दिवस गेले तर बोट कुठं दाखवायचं, हे काही गावाला शिकवावं लागत नाही. लंका पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायची. तिथं शंभर गडी, मुकादम, ट्रकवाले. तिनं कुणाकडं मान वर करून पाहिलं नव्हतं. पण पाहिलं नाही, याला साक्षीदार कुठून आणायचा? शेजारच्या वस्तीवरच्या एका बाईला अशाच संशयावरून लेकरांसकट माहेरी हाकलल्याचं कामावर सगळ्यांना पाठ होतं. लंकाला हातोडा उचलताना तेच आठवायचं.

सासू गोजरबाई तशी मायाळू होती, पण सुनेचे दिवस तिच्या बोटांवर असायचे. लंका बाहेर बसली की चूल, पाणी, देव सगळं सासूच्या गळ्यात पडायचं, त्यामुळं बसली नाही तर ते लपायचं कसं? एका सांजेला गोजरबाईनं भाकरी थापता थापता विचारलंच, औंदा लांबलं का गं म्हणून. आजच आलंय, असं लंका म्हणाली आणि पोतं घेऊन ओसरीच्या कोपऱ्यात जाऊन बसली.

मग चार दिवस तिनं ते सोंग रेटलं. गावात टँकर एक दिवसाआड यायचा, माणसं तोंड धुवायला पाणी मोजून घ्यायची, आणि ही बाई स्वच्छ फडकी चारचौघींच्या देखत धुऊन बाभळीच्या कुंपणावर वाळत घालायची. तिला स्वतःची लाज वाटायची, पण भीती लाजेपेक्षा थोरली होती. कामावर जायची तरी पाण्याच्या माठापासून लांब बसायची. पोटातली कळ वाढतच होती. शेजारी बसणारी झुंबरबाई म्हणाली, चार दिवसांत दुखायचंच, आणि पदराच्या गाठीतला ओवा काढून दिला. आता हे ते दुखणं नव्हे, असं सांगायचं कोणत्या तोंडानं? लंका ओवा चावत राहिली. रात्री मनात म्हणायची, देवा, यातच ने मला, म्हणजे सुटले.

पाचव्या दिवशी न्हाऊन कामावर गेली. दुपारी घमेलं उचलायला वाकली आणि खडीच्या ढिगावर कोसळली. ओठ पांढरेफटक, हातपाय गार. पोट तर फाटत होतंच, खांदाही दुखायला लागला होता. मुकादमानं काम बघायला आलेल्या साहेबांची जीप थांबवली. निरोप मिळताच धावत आलेल्या जालिंदर आणि गोजरबाईनं तिला आत घातलं आणि पाथर्डीच्या दवाखान्यात आणलं.

डॉक्टर वयस्कर होते. नाडी बघत त्यांनी पाळी कधी आली होती ते विचारलं. लंकाच्या आधी गोजरबाईनंच उत्तर दिलं, कालच चौथा दिवस झाला, आज न्हाऊन कामावर गेली. डॉक्टरांच्या कपाळावरची आठी जरा सैल झाली. म्हणजे तसलं काही नाही, अशक्तपणा असेल, असं पुटपुटत ते सलाईन आणि दुखण्याच्या इंजेक्शनचं नर्सला सांगायला वळले.

लंकाला ते कळलं. आपण रचलेलं खोटं आता आपल्याच अंथरुणाशी उभं राहून बोलतंय, हे तिला कळलं. इतके दिवस मरण मागत होती, पण ते असं हाताच्या अंतरावर आल्यावर त्याचं तोंड काही निराळंच दिसत होतं.

"खोटं हाय ते," ती म्हणाली. "पाळी आलीच न्हाई. मी नुसतीच बसले हुते."

डॉक्टर परत फिरले. कोणती अमावास्या चुकली ते विचारून त्यांनी दिवस मोजले, पोट दाबलं, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या. मग भराभर बोलले. दगड फोडून आणि अर्धपोटी राहून यंदा कितीतरी बायांची पाळी लांबली आहे, त्यात घाबरण्यासारखं नसतं. कधी आत सूज असते, तेव्हाही दुखतं. पण एका अंगाला कळ, खांदा दुखतो, अंग गार, म्हणजे गर्भ पिशवीत न जाता नळीत अडकला आणि नळी फुटली, असंच दिसतं. रक्त आतल्या आत चाललंय. आत्ताच्या आत्ता नगरला न्यायचं, पोट उघडावं लागेल.

"गरभ?" गोजरबाई म्हणाली. "माझ्या लेकाचं आपरेशन झालंय, डागदर." आणि तिनं लंकाकडं बघितलं. ज्या नजरेच्या भीतीनं लंका पंधरा दिवस जळत होती, ती हीच.

डॉक्टरांनी जालिंदरला विचारलं, शिबिरात काही सांगितलं होतं की नाही. जालिंदर भिंतीला टेकला होता.

"तीन म्हैने जपायला सांगितलं हुतं," तो म्हणाला. "तवर भरवसा न्हाई म्हणले. निरोधची पाकिटं बी दिल्ती. मी कोरड्या हिरीत टाकली."

गोजरबाईनं लेकाकडं पुन्हा बघितलं नाही. सुनेच्या डोक्याखाली हात घातला आणि नर्सबरोबर तिला उचलून जीपमध्ये आणलं.

वाटेत जालिंदर पायाशी बसून रडत होता. त्यालाही अमावास्येपासून झोप नव्हती म्हणे. शिबिरातलं घरी सांगावं तर लाज, न सांगावं तर बायकोवर आळ. आज सांगतो, उद्या सांगतो, असं चाललं होतं. "तू बाहीर बसलीस तवा म्हटलं, सुटलो," तो म्हणाला. "आता कशाला बोलायचं."

लंकानं ते ऐकलं. साऱ्या गावाला फसवायला मांडलेलं सोंग, आणि एका शब्दानं तिला सोडवू शकला असता तोच माणूस त्यात फसला होता. तिला राग आला. फार आला. पण राग धरायलाही अंगात रक्त लागतं. डोळ्यांपुढं अंधारी येत होती आणि धाकटं पोर घरी चुलीशी एकटं असेल, एवढंच सुचत होतं. आळाची भीती गेली होती. आता दुसरीच भीती उरली होती, साधी आणि उघडी.

"आत्याबाई," ती म्हणाली, "मला मरायचं न्हाई."

गोजरबाईनं तिचं डोकं मांडीवर घट्ट धरलं आणि ड्रायव्हरला, जोरात घे बाबा, म्हणून सांगितलं. नगरच्या वाटेवरचा करंजीचा घाट अजून यायचा होता.