राहिलेली टाळी

शहरातल्या पेपरात छापून आलंय की सबिना वार्डी हिच्या गाण्याला तिच्याच गावाने टाळी दिली नाही. कॅप्लिन आर्म गावची माणसं दगडाची आहेत, आणि त्या दगडावर डोकं आपटूनच तिची मोठी गाणी निघाली, असंही त्या शहाण्याने लिहिलंय. आमच्या गावात त्याने कधी पाऊल ठेवलेलं नाही. आला असता तर मी आधी त्याला चहा पाजला असता आणि मग सोलून काढला असता.

सबिना माझी मुलगी. गावात आम्ही आता एकेचाळीस माणसं उरलोय, आणि त्या एकेचाळिसांना हा कागद वाचून मान खाली घालावी लागली. ते मला चालणार नाही. टाळी पडली नाही हे खरं आहे. ती कोणी अडवली, ते मी सांगते.

आमच्याकडे गाणं शेवटपर्यंत गात नाहीत. शेवटच्या ओळीतले शेवटचे तीन-चार शब्द गायचे नसतात, बोलायचे असतात, शेजारणीला काही सांगावं तसे साध्या आवाजात. शब्द पडले की गाणं संपलं. मग लोक ओरडतात, टाळ्या वाजवतात, पाठीत धपाटे घालतात. तोपर्यंत कोणी हलायचं नाही. मध्येच टाळी वाजवणारा माणूस आमच्यात अजून जन्मला नाही.

माझा नवरा इसाव एकच गाणं गायचा. त्याचा भाऊ अँब्रोज समुद्रात गेला, त्यावर त्याने स्वतः रचलेलं. ते इसावचं गाणं, म्हणून दुसरं कोणी ते गायचं नाही. हिवाळ्यात आमच्या स्वयंपाकघरात माणसं जमली की तो टोपी गुडघ्यावर ठेवायचा, डोळे मिटायचा आणि पंधरा कडवी म्हणायचा. शेवटी डोळे उघडून म्हणायचा, "होडी एकटीच आली." बस. मग किटली पुन्हा चुलीवर चढायची. बीना तेव्हा चुलीजवळच्या दिवाणावर पाय पोटाशी घेऊन ऐकत बसलेली असायची. सबिना हे बाप्तिस्म्याचं नाव, घरात ती बीना.

ती चौदा वर्षांची असताना सरकारने कॉड मासा धरायला बंदी केली. एका दिवसात. पाचशे वर्षं आमची माणसं जो मासा धरत आली तो संपला म्हणाले. इसावने होडी ओढून वर घेतली आणि तिच्याकडे पाठ करून घरात येऊन बसला. मग जाळं काढलं आणि दुरुस्त करायला लागला. सगळं जाळं धड झालं की एक कोपरा चाकूने फाडायचा आणि पुन्हा गाठी मारायचा. मी बघायचे. बीनाही बघायची. ती गिटार घेऊन समोर बसायची, आणि दोघं आपापल्या दोऱ्या छेडत असायची.

एकोणिसाव्या वर्षी ती टोरोंटोला गेली. तिथे तिला ओक्साना भेटली, प्रेरीतल्या गव्हाच्या मुलखातली, जिने तोवर समुद्र पाहिलेला नव्हता. ती मोठी गिटार वाजवायची, जाड आवाजाची. दोघी एका गंजक्या गाडीतून देशभर गात फिरल्या. बर्फात गाडी घसरून खड्ड्यात गेली तर गाडीतच झोपल्या, हे मला ओक्सानाने फार नंतर सांगितलं. बीना आपली फोनवर "सगळं छान आहे" म्हणायची.

पहिली टेप आली तेव्हा तिचा फोन आला.

"आई, ऐकलीस?"

"ऐकली."

"मग?"

"गाणी बरी आहेत. पण ती जातात कुठे?"

"कुठे म्हणजे?"

"शेवटी गं. बारीक बारीक होत जातात. मला वाटलं बॅटऱ्या उतरल्या. दोन नव्या घातल्या मी."

ती इतकी हसली की मलाही हसू आलं, पण मी तिला ऐकू येऊ दिलं नाही.

"इकडे असंच करतात, आई."

"तिकडे कोणी दार लावायला शिकवत नाही वाटतं. आत आलात तसं उघडं टाकून निघालात."

"बाबांना दे फोन," ती म्हणाली.

नंतरच्या टेपाही मी ऐकल्या. प्रत्येक गाण्याच्या शेवटी चुलीपाशी हात थांबवून उभी राहायचे, की आता तरी बोलेल. धुक्यात होडी जावी तशी गाणी जायची. कुठे गेली, पत्ता नाही.

दोन हजार सातच्या ऑगस्टमध्ये तिला कसलंसं मोठं बक्षीस मिळालं, आणि ती म्हणाली, त्यानंतर पहिल्यांदा गाईन ती आपल्या चर्चच्या हॉलमध्ये. आपल्या माणसांसमोर. ओक्सानाला घेऊन फेरीबोटीने आली. मी तीन दिवस ओट्यापाशी होते. तळलेल्या चकत्या आणि काकवी, खारवलेला मासा, पिवळ्या रानफळांचा मुरंबा. ओक्सानाने सात चकत्या खाल्ल्या. मी म्हटलं, "तुमच्या गव्हाच्या मुलखात पीठ मिळत नाही का?" ती म्हणाली, "मिळतं मावशी, पण तुम्ही मिळत नाही." लबाड पोरगी. तेव्हापासून मला ती आवडते.

इसावची छाती तोवर पार गेली होती. दहा पावलं चालला की भिंत धरायचा. बीनाने त्याला पाहिलं आणि तिचं तोंड उतरलं. रात्रीचं जेवण होईपर्यंत त्याच्या शेजारून उठली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉल भरला. तेव्हा आम्ही शंभरावर होतो. पहिल्या बाकावर इसाव, मी, आणि माझ्या पलीकडे हेझकाया पाईक. हा हेझकाया म्हणजे गावातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस. टाळीची सुरुवात नेहमी त्याची. बीना आमची जुनी गाणी गायली, शेवटचे शब्द नीट बोलली, आणि हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. मी ताठ बसले होते, पण आतून माझी छाती फुलली होती, खोटं कशाला सांगू.

मग ती म्हणाली, "हे नवीन आहे. बाबांचं."

जाळ्याचं गाणं होतं. समुद्र बंद आहे आणि बाप गाठी मारतोय. प्रत्येक कडव्याच्या शेवटी यायचं, "घरी आहे माझा बाप." पाचव्या कडव्याला हॉलमधल्या बायका बाह्यांनी डोळे पुसत होत्या. इसावने डोळे मिटले होते. शेवटच्या कडव्यात ती "गाठ मारतोय, गाठ मारतोय" एवढंच म्हणत राहिली, पुन्हा पुन्हा, आवाज खाली खाली नेत. ओक्सानाने हात थांबवला. मग बीनाच्या गिटारचाही आवाज विरून गेला.

आणि ती गप्प उभी राहिली.

हॉल वाट बघत होता. चार शब्द राहिले होते, सगळ्यांना पाठ झाले होते, आणि आमचीच पोरगी आता ते बोलणार म्हणून कोणी श्वास सोडत नव्हतं. रेडिओवर लोक काहीही करोत. आपल्या हॉलमध्ये, आपल्या बापासमोर कोणी गाणं असं टाकून देईल हे कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

माझ्या आलं. तिच्या टेपा मीच ऐकल्या होत्या ना. मला ठाऊक होतं गाणं संपलंय.

हेझकाया माझ्याकडे झुकला. हात वर घेऊन बसला होता तो. हळूच म्हणाला, "डॉर्कस, अजून आहे ना गं?"

मी म्हटलं, "आहे. थांब."

त्याने हात खाली घेतले.

बोलू दे तिला, असं माझ्या मनात होतं. टोरोंटो असेल मोठं, पण घरात आल्यावर घरच्यासारखं वागावं. बापाने एवढी वर्षं शिकवलं ते चार शब्द बोलायला जीभ झिजते का? मी हात मांडीवर घट्ट धरले आणि तिच्याकडे बघत राहिले. तिने आधी हॉलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. किती वेळ ते मी सांगू शकत नाही. चुलीवर दूध उतू जायला लागतो तेवढा असेल. मग तिने गिटार गळ्यातून काढली आणि मागच्या दाराने गेली.

लोक बावरून उठले. इसावने डोळे उघडले. "झालं?" तो म्हणाला.

"तुझ्या मुलीला विचार," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने ती गेली. बापाच्या गळ्यात पडली. मला म्हणाली, "मुरंबा चांगला झाला होता."

फेब्रुवारीत इसाव गेला. बंदर बर्फाने बंद, बोट नाही, आणि वादळात विमान नाही. त्याला पुरलं त्या दिवशी बीनाचा फोन आला. रडत होती. मीही तुटले होते, पण माझं तुटलेपण तोंडातून नेहमी रागासारखंच बाहेर येतं.

"सगळं गाव आलं होतं का?" तिने विचारलं.

"आलं होतं. गावाला माणुसकी आहे."

"माझ्या वेळी कुठे होती, आई? शंभर माणसांत एक टाळी नाही."

"तू शब्द बोलली नाहीस! लोक वाट बघत बसले होते. हेझकाया तर हात उचलून बसला होता. मीच म्हटलं त्याला, थांब."

मग तिने विचारलं, "तुला माहीत होतं गाणं संपलंय?"

खोटं बोलता आलं असतं. मी कधी बोलले नाही, आणि त्या दिवशी तर त्याचाच अभिमान होता मला.

"होतं," मी म्हटलं.

"शब्द बोलले की आपल्यात गाणं संपतं," ती अगदी हळू म्हणाली. "बाबा समोर बसले होते, आई. श्वास मोजत. त्यांचं गाणं मी संपवू कशी?"

तिने फोन ठेवला.

त्यानंतर अकरा वर्षं. नाताळला कार्ड यायचं, आत छापलेल्या शुभेच्छा आणि खाली "बीना". तिचं नाव झालं, युरोपात गायली. लोक आमचं घर बघायला यायचे, होडीचे फोटो काढायचे. एक बाई मला म्हणाली, "तुम्ही किती भाग्यवान!" मी तिला म्हटलं, "तुमच्या बुटाला शेण लागलंय, आधी ते पुसा." बीना गात असली की मी रेडिओ मोठा करायचे. मला जगात एकच हवं होतं, की तिने त्या हॉलमध्ये परत उभं राहावं. ते मी कागदावर लिहायला पाचदा बसले. मला अक्षरं नीट येत नाहीत असं स्वतःला सांगून पाचदा उठले. अक्षरं येतात मला. हे लिहितेय ना.

दोन हजार एकोणीसच्या मार्चमध्ये ओक्सानाचा फोन आला. बीनाला कर्करोग आहे, घशात सुरू होऊन आत पसरलाय. आवाज गेलाय. पाटीवर लिहून बोलते.

"मावशी, मी तिला न सांगता फोन केलाय," ती म्हणाली.

"मी यावं असं ती म्हणाली का?"

"ती काही म्हणत नाही. तुम्ही या."

"तिला विचार. तिने बोलावलं की निघते."

"मावशी, वेळ कमी आहे हो."

"माझी पेटी भरलेली असेल. तिने नुसतं हो लिहावं."

पेटी खरंच भरली मी. दारापाशी ठेवली. मुरंब्याची बरणी लोकरीच्या मोज्यात गुंडाळून वर ठेवली. नऊ दिवस मी त्या पेटीला वळसा घालून ये-जा केली. रोज बोट सुटताना भोंगा वाजायचा. मी फोनजवळ बसून वाट बघत राहिले, तिने शब्द बोलावेत म्हणून. आवाज नसलेल्या पोरीने.

दहाव्या दिवशी फोन वाजला, आणि ओक्साना रडत होती.

जूनमध्ये ती बीनाच्या अस्थी घेऊन आली. इसावशेजारी ठेवल्या आम्ही. मग सगळे हॉलमध्ये गेलो, चाळीस-एकजण, टोप्या हातात. ओक्सानाने गाणी वाजवायचं यंत्र टेबलावर ठेवलं. म्हणाली, आवाज जाण्याआधी बीनाने एक गाणं पुन्हा भरून ठेवलं होतं. कुठलं, ते मी विचारलं नाही.

बारा वर्षांत तिचा आवाज खाली उतरला होता, इसावसारखा खरखरीत झाला होता. समुद्र बंद आहे. बाप गाठी मारतोय. घरी आहे माझा बाप. मी कान टवकारून बसले. बाप आता जमिनीत आहे, आता तरी बोलेल असं मला वाटत होतं. कदाचित माझ्यासाठी बोलेल. शेवटचं कडवं आलं. गाठ मारतोय, गाठ मारतोय. बारीक. आणखी बारीक. मग यंत्रात नुसती हवा.

ती बोलली नाही.

हॉल तसाच बसून होता. कोणी हललं नाही. मला पाठीवर सगळ्यांचे डोळे जाणवत होते. चार शब्द माझ्या तोंडात होते. मी बोलले असते तर ते रीतीने झालं असतं, आणि कोणी मला नाव ठेवलं नसतं.

हेझकाया आता ब्याऐंशी वर्षांचा आहे, त्याला हळू बोलता येत नाही. "डॉर्कस," तो म्हणाला, "अजून शब्द आहेत ना गं?"

"आहेत," मी म्हटलं. "राहू देत."

आणि मी टाळी वाजवली. संधिवाताने माझी बोटं नीट जुळत नाहीत, आवाज पोकळ येतो. दोन-तीन वेळा ती माझी एकटीचीच वाजली. मग हेझकायाने हात उचलले, मग मागच्या बाकांनी, आणि ओक्साना तोंड झाकून भिंतीकडे वळली. मी थांबले नाही. सगळे थांबले तरी मी थांबले नाही. शेवटी हेझकायानेच माझे हात धरले आणि म्हणाला, "पुरे गं, बाई. चल, चहा टाकलाय."