पाच वेळा 'का'

चाकणच्या कंपनीत बुद्धरत्नला सगळे मानायचे. पार्ट बिघडला की हा गडी पाच वेळा 'का?' विचारणार आणि पाचव्या 'का'ला दोष हुडकून काढणार. शिकवणच तशी तिथली. पण कंपनीतली अक्कल माणसानं कंपनीतच ठेवावी! यानं ती घरी आणली आणि सगळा घोळ झाला.

पोटातलं मूल गेलं त्या दिवशी दवाखान्यात खाटेवर पडलेल्या बायकोला, अंजलीला त्यानं तेच विचारलं. दुखत होतं तर सुट्टी का नाही घेतलीस? हिंजवडीच्या ऑफिसच्या कॅबमध्ये मागच्या सीटवर का बसलीस? लिफ्ट होती ना, मग जिना का चढलीस? अंजलीनं भिंतीकडं तोंड फिरवलं. त्यानंतर दोन वर्षं घरात नुसतं कामापुरतं बोलणं. शेवटी ती काळेवाडीला आईकडं निघून गेली. समुपदेशनाला एकदा येते म्हणाली. नाही जमलं तर वकील.

म्हणून दोघं पिंपरीत सुमनताईंसमोर बसले होते. सुमनताई जोडप्यांना बोलतं करतात. भांडणात कोण बरोबर, ते त्या विचारतच नाहीत; आत काय दुखतंय ते विचारतात.

"त्या दिवशी तुम्हाला काय वाटत होतं?"

"चूक कुठं झाली ते शोधत होतो, ताई."

"ते डोक्यातलं झालं. मनातलं सांगा. आणि मला नको, अंजलीकडं बघून सांगा."

बुद्धरत्न अंजलीकडं वळला. "घाबरलो होतो गं," तो कसाबसा म्हणाला. "तूपण जाशील असं वाटलं. कारण सापडलं तर परत असं होणार नाही, एवढंच डोक्यात होतं. मला दुसरं काही येतच नाही."

अंजलीचे डोळे भरले. तिनं त्याच्या हातावर हात ठेवला. अहो, किती दिवसांनी! इथंच गप्प बसला असता तर बाई घरी आली असती. पण धीर आला की माणूस बोलतच सुटतो.

"डॉक्टर मला खोलीच्या दाराबाहेर म्हणाल्या होत्या, कुणाचीच चूक नाही, असं होतं कधी कधी. पण मला पटेच ना."

अंजलीनं हात काढून घेतला. "तुम्हाला त्याच दिवशी सांगितलं होतं?"

"हो."

"मी रोज स्वतःला विचारते, जिना का चढले. आजसुद्धा कॅबमध्ये विचारलं. आणि तुम्हाला माहीत होतं?"

"मला वाटलं, डॉक्टर नुसती समजूत घालतायत."

"मग तेवढी तरी घालायची होती माझी."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. तिनं डोळे पुसले, पर्स उचलली, सुमनताईंना नमस्कार केला आणि गेली. बुद्धरत्न खुर्चीतच बसून राहिला. डॉक्टरांचं ते एक वाक्य दारापासून तिच्या खाटेपर्यंतसुद्धा त्याला नेता आलं नव्हतं.