निळं पडायची वाट

बाबांनी परातीत थुंकलं आणि थुंकी निळी निघाली. साधी निळी नाही, दौतीतून शाई ओतावी तशी काळपट निळी. इनॅमलच्या पांढऱ्या परातीत ती लांबूनही दिसत होती. शेडमधल्या चार-पाचशे माणसांनी हात जोडले. रायसिंगने परात डोक्यावर धरून एक फेरी मारली आणि माइक तोंडाशी नेला.

"दखा भाऊसहोन, दखा मायबहिणीसहोन. तीन महिनानं जुनं इख, पायमा दबी बठेल व्हतं. बाबानी एक घोटमा बाहेर काढं. डॉक्टरनी सुई जठे थकस, तठे बाबानं तोंड लागस."

रायसिंग पूर्वी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात निवेदन करायचा. नवरदेवाची आणि विषाची ओळख तो एकाच आवाजात करून देतो.

आमचं गाव शहादा तालुक्यात, कळसाडीच्या अलीकडे. छगनअण्णांनी कापूस साठवायचं आपलं शेड नवरात्रानंतर निळकंठ बाबांना दिलं होतं. दर सोमवारी तिथे दरबार भरायचा. साप चावलेल्या माणसाला पाटावर बसवायचं, रायसिंग जखमेवर 'तांबडं तीर्थ' ओतायचा, आणि मग पडद्यामागून बाबा यायचे. मौनात, गाल किंचित फुगलेले. जखमेला तोंड लावायचं, चोखायचं, थुंकायचं. साप चावला नसला तरी अडायचं नाही. गुडघेदुखीपासून मूल न होण्यापर्यंत कशाच्याही मुळाशी रायसिंगला एखादा जुना साप सापडायचाच.

मी नवनीत, गावच्या हायस्कुलात प्रयोगशाळा परिचर. अठरा वर्षं दरवर्षी सातवीच्या मुलांसमोर भातावर आयोडीनचे थेंब टाकत आलोय. सर बोलतात, थेंब मी टाकतो. भात, बटाटा, पीठ, जिथे स्टार्च असेल तिथे हाच निळा-काळा रंग उमटतो. तीर्थाचा वासही ओळखीचाच होता. जखमेला लावायचं आयोडीनचं तांबडं औषध मेडिकलवाला देतो, त्याचा. बाबांच्या तोंडात तांदळाची पेज आहे हे कळायला मला परातीजवळ जावंसुद्धा लागलं नाही.

कळलं, आणि मी बसून राहिलो. राग आला नाही. हसूही आलं नाही. माझी बायको शीला जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून मला फारसं काही येत नाही. भाजीत मीठ नसलं तरी मी जेवून उठतो.

शेजारी माझ्या सासूबाई बसल्या होत्या, भिकुबाई. मी त्यांना मामी म्हणतो. त्यांची मुलगी गेल्यापासून त्या माझ्याकडेच राहतात. कोण कोणाला सांभाळतं ते विचारू नका. दर सोमवारी त्याच मला तिथे घेऊन जायच्या आणि परत येताना एकच वाक्य म्हणायच्या.

"जवाईबापू, तवय हाऊ बाबा ऱ्हाता, ते मन्ही शीला वाची जाती."

"हां, मामी," मी म्हणायचो.

शीलाला मण्यार चावली होती. जमिनीवर झोपलेली, पहाटे उठली, पोटात दुखतं म्हणाली, दिवस उजाडता उजाडता गेली. मामींना मी सांगितलं होतं की चावल्याचं आम्हाला सहा वाजता कळलं. ते खोटं होतं. शीलाने मला चार वाजताच सांगितलं होतं. बाबा खोटे म्हटलं की मामी विचारणार, मग शीला कशाने वाचली असती? मधले दोन तास मी काय करत होतो, हे बाहेर काढल्याशिवाय बाबांची थुंकी उघडी पाडता येत नव्हती. म्हणून मी 'हां, मामी' म्हणून गप्प राहायचो.

आता जरा सिनेमाबद्दल सांगावं लागेल.

शीलाला आणि मला एक खेळ होता. रविवारी दुपारी टीव्हीवर सिनेमा लावायचा आणि त्यातल्या विज्ञानाच्या चुका पकडायच्या. जो आधी पकडेल त्याला दुसऱ्याच्या ताटातला पापड. गोळी लागली की गुंड दहा फूट मागे उडतो. मी म्हणायचो, मग तेवढाच धक्का बंदूक धरणाऱ्यालाही बसायला हवा, तो केस विंचरत कसा उभा? वीज डोंगरापलीकडे चमकते आणि गडगडाट त्याच क्षणी ऐकू येतो. हा पापड नेहमी शीलाचा. जीप नुसत्या वेगावर नाला ओलांडते. दहाव्या मजल्यावरून पडलेली नायिका जमिनीपासून हातभर वर नायकाच्या हातात येते आणि लाजते. "लाजी कशी ऱ्हायनी?" शीला म्हणायची. "तिन्हं ते कंबरडं मोडाले पाहिजे. जमीन काय आन त्याना हात काय, झटकामा थांबनं ते सारखंच."

दहावी शिकलेली बाई, पण अशी बोलायची. आम्ही दोघं फार हुशार होतो. एक चूक मात्र आम्हाला कधीच दिसली नाही. प्रत्येक सिनेमात साप चावलेला माणूस निळा पडायचा. ओठ निळे, नखं निळी, तोंडाला फेस निळा. मग नायक जखम चोखायचा, थुंकायचा आणि माणूस उठून बसायचा. त्यावर कोणी पापड मागितला नाही.

दिवाळीच्या सुट्टीतला दुसरा सोमवार. दरबार नुकताच भरला होता, तेवढ्यात छगनअण्णांचा ट्रॅक्टर शेडच्या दारात येऊन थांबला. ट्रॉलीत अर्धवट भरलेली कापसाची गाठोडी आणि त्यांवर एक मुलगी. ग्रेसी तिचं नाव, वय अठरा-एकोणीस. नवापूरच्या डोंगराकडून आईबापांबरोबर वेचणीला आली होती. कपाशीच्या सरीत पायाला नाग चावला. बाप याकूब तिला उचलून आत आला, मागून आई एस्तेर.

पाय घोट्याजवळ सुजला होता. रायसिंगने तिला पाटावर बसवलं, नखं उचलून लोकांना दाखवली.

"घाबरू नका. पोर निळी नही पडेल शे. म्हणजे इख आजून गुडघाखालेच शे. बाबा आते त्याले रस्तामा धरतीन."

छगनअण्णांनी मान हलवली. ते वाईट माणूस नाहीत. मजूर पोरीसाठी त्यांनी स्वतःचा ट्रॅक्टर पळवला होता. फक्त चुकीच्या दिशेने.

मी ग्रेसीच्या डोळ्यांकडे बघितलं. पापण्या खाली येत होत्या, ती त्या उचलायला बघत होती आणि त्या येत नव्हत्या. शीलाच्याही अशाच आल्या होत्या. मला वाटलं होतं तिला झोप येतेय.

"तिला बोलता येईना नीट," एस्तेर म्हणाली. तिने ते कोणालाच उद्देशून म्हटलं नव्हतं.

पडदा सरकला. बाबा आले, गाल फुगलेले. मी उठलो. आपण उठलोय हे मला उठल्यावर कळलं. पाटापाशी गेलो आणि बाबांच्या समोर उभा राहिलो.

"बाबा, एक शबद बोला. पोरनं नाव इचारा."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. बोलायचं तर तोंडातलं बाहेर येणार. रायसिंग पुढे झाला, "बाबानं मौन शे, नवनीतभाऊ, बाजूले सरका."

"तोंडमा काय शे, इतलंच सांगा."

बाबांच्या गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली. पहिल्या रांगेतल्यांनी ते बघितलं. गाल बसले. मी रायसिंगच्या हातातली तीर्थाची बाटली घेतली. त्याने दिली नाही, मी घेतली. शेजारी प्रसादाच्या भाताचं पातेलं होतं. एक मूठ भात परातीत टाकला आणि त्यावर तीर्थ ओतलं.

भात निळा झाला. तोच काळपट निळा. मी परात उचलून धरली.

"या भातले कोणता साप चावना?" मी विचारलं.

मागून एक बाई म्हणाली, "माय वं, भात निळा पडना." मग मी सांगितलं. बाटलीतलं जखमेवरचं औषध, बाबांच्या तोंडातली पेज, दोन्ही भेटले की हा रंग. बाबा मौनात येतात कारण तोंड भरलेलं असतं. आणि घाई करतात, कारण आपली लाळ पेजेतला स्टार्च खाऊन टाकते, दहा मिनिटं थांबले तर थुंकी निळी निघतच नाही. हे सगळं आमच्या शाळेतली पोरं करून दाखवतील.

मला वाटलं होतं एवढ्यावर काम होईल. गाडी निघेल. पण छगनअण्णा म्हणाले, "बरं, बाबा खोटा शे, मानं. पण पोर निळी नही ना पडनी. मंग इतली घाई काय शे? नाग कोरडा चावना व्हई, इख सोडं नही व्हई. अर्धा घंटा दखूत."

आणि लोकांनी माना डोलावल्या. आत्ता बाबांना खोटं मानलेल्या लोकांनी. याकूबसुद्धा मुलीची नखं बघायला लागला. बाबा पेज गिळून मागच्या दाराकडे सरकत होते, ते सरकले तरी काही फरक पडणार नव्हता. खरा बाबा आमच्या सगळ्यांच्या डोक्यात बसलेला होता आणि तो सिनेमातून आलेला होता.

मामी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघून बोललो, दुसरीकडे बघणं बरं झालं नसतं.

"मामी, शीलाले चावनं ते माले सहा वाजता नही, चार वाजता समजनं. तिनी माले तवयच सांगं. मी बॅटरी लाईसनी तिन्हा नखं दखात. साफ व्हतात. मी बोलनू, निळी नही शेस, इख नही शे, झोप. दोन घंटा मी वाट दखी. मंग ती निळी पडनी. तवय मी गाडीले पळनू, आन तवय काही उरनं नव्हतं."

मी पुढचं सांगितलं, शाळेत सर सांगतात तसं. सापाचं विष निळं नसतं, फिकट पिवळसर असतं. ते माणसाला रंगवत नाही. नागाचं आणि मण्यारीचं विष पापण्या पाडतं, जीभ जड करतं आणि शेवटी छातीचा भाता थांबवतं. मग हवा न मिळाल्याने ओठ निळे पडतात. तो रंग विष चढल्याचा नाही, माणूस संपत आल्याचा. आणि चोखून ते बाहेर येत नाही, काळ्या मातीत मुरलेलं पाणी तोंड लावून ओढता येत नाही तसं.

"या पोरन्या पापण्या दखा," मी म्हटलं.

सगळ्यांत आधी मामी उठल्या. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. ग्रेसीपाशी गेल्या, तिची हनुवटी उचलून डोळे बघितले आणि छगनअण्णांना म्हणाल्या, "तुम्हनी जीप कोठे शे?"

"घर शे."

"मंग बलाव. उभा काय ऱ्हायना?"

छगनअण्णांना गावात कोणी एकेरीत बोलत नाही. त्यांनी फोन लावला. याकूब माझ्याजवळ येऊन म्हणाला, "दादा, आम्ही प्रभूला मानणारे. इथं यायचं नव्हतं. पण मालक बोलला, आणि ती निळी नव्हती म्हणून मला पण वाटलं टाइम आहे." मी सायन्सच्या खोलीची चावी खिशात घेऊन हिंडणारा माणूस, मलाही टाइम आहे असंच वाटलं होतं.

जीपमध्ये मामी मागे बसल्या, ग्रेसीला एका कुशीवर घेऊन, पाय हलू न देता. शहाद्यापर्यंत त्या तिला लेक म्हणून हाक मारत बोलत होत्या. डोळा उघड, आंडेर, श्वास ले, आते उनं गाव. सरकारी दवाखान्यात पोचलो तेव्हा ती मान उचलू शकत नव्हती, पण श्वास चालू होता. प्रतिविषाची इंजेक्शनं सुरू झाली, रात्री श्वासाचं यंत्र लावावं लागलं. डॉक्टर म्हणाले, आणखी अर्धा तास थांबला असतात तर यंत्राचाही उपयोग झाला नसता. छगनअण्णांनी मागितलेला अर्धा तास तोच. ते व्हरांड्यात भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांनी ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामी बाकावर माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"चार वाजेपासून?" त्यांनी विचारलं.

"हां, मामी."

"ती काय बोलनी तवय?"

"तिनीच हात पुढे करा. बोलनी, दखा, साफ शे ना? पापड द्या."

मामींनी पदर तोंडाला लावला. मी तुम्हाला माफ केलं वगैरे त्या म्हणाल्या नाहीत, आणि मी माफी मागितलीही नाही. थोड्या वेळाने त्यांनी डबा उघडून माझ्यापुढे ठेवला. मी घास घेतला.

"मामी, भाजीमा मीठ नही शे," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "दोन वरीसपासून मी कमीच टाकस," त्या म्हणाल्या. "दखी ऱ्हायनी व्हती, तू कवय बोलस."

चौथ्या दिवशी ग्रेसी स्वतःहून पाणी प्यायली. बाबा आणि रायसिंग यांच्यावर जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला आहे. साप चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून अडवणं हा त्या कायद्यात गुन्हाच आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. छगनअण्णांच्या शेडमध्ये पुन्हा कापूस आहे.

सोमवारी आता मामी बाजाराच्या तोंडाशी बसतात. पुढ्यात पांढरी परात, मूठभर भात, तांबड्या औषधाची बाटली. मी थेंब टाकतो, बोलतात त्या. भात निळा झाला की पोरं टाळ्या वाजवतात, ते त्यांना आवडत नाही. टाळ्या थांबेपर्यंत त्या गप्प बसतात आणि मग दर वेळी तेवढंच सांगतात:

"सिनेमा दखा, हासा, पण त्यानावर जीव टाकू नका. मन्ही आंडेर निळी पडानी वाट दखता दखता गयी. साप चावना ते नखं दखू नका, बाबा दखू नका, रंग दखू नका. गाडी काढा."