काजवालीच्या पोटातली पहारेकरीण

पंख्याखालची जागा. काजवालीला मिळायचं होतं ते एवढंच. सुपरवायझरला मिळणार होती जागची न हलणारी बाई. आणि जंतूंना बिनभाड्याचं घर. या व्यवहारात मला कोणी विचारलंच नाही. निस्तरायला मात्र मीच!

मित्रांनो, मी काजवालीच्या मूत्राशयाच्या भिंतीतली एक जुनी पांढरी पेशी. हाडांतल्या मज्जेत जन्मले, रक्तातून वाहत आले आणि इथे पहाऱ्याला बसले ती बसलेच. जंतू आला की धरायचा, गिळायचा, आत विरघळवायचा. शरीरातल्या प्रतिपिंडांनी खूण केलेला जंतू तर मी डोळे मिटून फस्त करायची. तरुणपणी दरारा होता माझा. पेशीला कुठले डोळे आणि कुठले कान, म्हणाल. पण रक्त सगळीकडून बातम्या आणतं.

काजवाली म्हणजे आमची धनीण. कपड्यांच्या कारखान्यात शर्टांना काजं करते. तिथे संडासाला कुलूप, आणि किल्ली सुपरवायझरच्या टेबलावर, हातभर लाकडी फळीला बांधलेली. ती फळी मिरवत सगळ्या मशिनींमधून चालत जायचं. आठवडाभर जी बाई फळीला हात लावणार नाही, तिला पुढच्या आठवड्यात पंख्याखाली बसवायचं, ही त्या माणसाची अक्कल. बायका त्याला मागून घड्याळराव म्हणत.

"बघा हिच्याकडे," घड्याळराव सगळ्यांना ऐकवायचे. "एकदा बसली की उठायचं नाव नाही. नाहीतर तुम्ही!"

शेजारच्या मशिनवरची मावशी पुटपुटायची, "अगं, घोटभर पाणी तरी पी."

"प्यायलं की जावं लागतं, मावशी."

"मग जा की! त्याच्या बापाचं काय जातं?"

"त्याचं नाही, माझा वारा जातो," काजवाली हसायची.

हसा! इथे आमची काय गत झाली ते ऐका. या जंतूंच्या अंगावर केसाहून कितीतरी बारीक धागे असतात आणि धाग्याच्या टोकाला चिकट आकडा. आमच्या पेशींच्या अंगावर साखरेची नक्षी असते. आकडा नेमका तिच्यात अडकतो. एरवी लघवीची धार आली की बरेचसे जंतू पकड बसण्याआधीच वाहून जातात. धारच नाही, तर त्यांना कसली घाई? सावकाश, जागा पसंत करून चिकटले.

तसली साखर माझ्याही अंगावर! खूण न झालेला एक जंतू आकडा टाकून मलाच बिलगला. मी त्याला आत ओढलं. वाटलं, संपला. पण खूण झालेले जंतू येतात त्या पुढच्या दारानं हा पाहुणा आलाच नव्हता. विरघळवायच्या खोलीला बगल देऊन तो एका मऊ पिशवीत जाऊन बसला, माझ्याच पोटात! गिळलं मी आणि जगला तो. हा कुठला न्याय?

मी हाकाटी केली. सूज आली, जळजळ सुरू झाली. शहाणीनं काय करावं? पाणी आणखी तोडलं! जळजळतं म्हणून जायचं नाही आणि जायचं नाही म्हणून प्यायचं नाही. जंतू नळीनं वर चढत मूत्रपिंडात पोचले. एके दुपारी थंडी भरून ती मशिनवरच कोसळली.

"घरी जाऊन गोळी घे म्हणावं," घड्याळराव म्हणाले. "आज माल जायचाय."

मावशीनं ती फळी त्यांच्यासमोर आपटली. "साहेब, सकाळपासून तुम्ही कितीदा जाऊन आलात? तुम्हाला लागते का ही?"

मावशीच तिला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरबाई चिडल्या. "इतकं दुखत होतं, तर सांगितलं का नाही?"

"कोणाला सांगू, बाई? सगळ्यांदेखत मागावं लागतं."

औषधानं जंतू मेले, माझ्या पोटातले जरा उशिराच. मूत्रपिंड वाचलं.

मित्रांनो, तहान लागली की प्या, लघवी लागली की जा. कोणी डोळे वटारले तरी जा. आणि उद्या तुमच्यापैकी कोणाच्या टेबलावर अशी किल्ली आली, तर आधी कुलूप काढून टाका.

आता या व्यवहारात कोणी काय भरलं ते ऐका. रक्तातून मदतीला धावलेल्या माझ्या तरुण बहिणी लढता लढता मेल्या. त्यांचा पू झाला. काजवालीच्या मूत्रपिंडावर कायमचा व्रण राहिला. आणि घड्याळरावांना त्या दिवशी जेवायला थोडा उशीर झाला.