गालातली हवा

सिंधीपुऱ्यातल्या त्या गल्लीत मंगळवारी चार वाजल्यापासून पाय ठेवायला जागा नव्हती. तोंडाशी एक रिक्षा अडकली होती आणि रिक्षावाला भाडं विसरून टाचा उंचावून बघत होता. सुपडूआबांच्या ओट्यावर एरवी केळीच्या भावाखेरीज दुसरा विषय निघत नसे. आज तिथे लाल सतरंजीवर श्वासबाबा बसले होते. पुढ्यात काचेचे ग्लास, उजव्या हाताला पितळेची कळशी, डाव्या हाताला मातीचं मडकं. मडक्याच्या गळ्यात झेंडूची माळ.

महिन्याभरात गल्लीतली पाच लेकरं पिवळी पडली होती. डॉक्टर म्हणाले, कावीळ आहे, पाणी उकळून प्या, नळाचा पाइप कुठून येतो ते बघा. पाइप बघायचा तर गटारात उतरावं लागलं असतं. बाबा तर आपल्या पायांनी दारात आले होते.

"डॉक्टर रक्त तपासतो," बाबा हिंदीत सुरू होऊन मराठीत उतरत सांगत होते, "मैं साँस तपासता हूँ, माई. जिच्या मनात दुसऱ्याच्या लेकरासाठी काळं असतं, तिचा श्वास जड होतो. तो या पाण्याला लागला की पाणी दूध होऊन साक्ष देतं. मन साफ, तर पाणी साफ. हे विज्ञानाच्या पुढचं विज्ञान आहे. माझं यात काही नाही. मी फक्त ग्लास भरून देणारा."

"म्हणजे वेटर," मागून कोणी तरी पुटपुटलं. हसू फुटलं आणि लगेच दबलं.

बायका एकेक पुढे येत होत्या. पपईच्या देठाची पोकळ नळी पाण्यात धरायची आणि बाबांचा चेला भूपेंद्र वीस मोजेपर्यंत फुंकत राहायचं. "गिळू नका माई, पाप पोटात जाईल," तो प्रत्येकीला बजावत होता. बुडबुडे यायचे, पाणी तसंच राहायचं, लोक जयजयकार करायचे. सुटलेली बाई पदर सावरत गर्दीत मिसळायची आणि पुढचीकडे डोळे बारीक करून बघायला लागायची.

सुनंदा सासूच्या मागे उभी होती. हिंदी माध्यमाच्या सरकारी शाळेत ती दहावीला विज्ञान शिकवायची. तिला यायचं नव्हतं.

"सगळ्या जाऊन राहिल्या," गोदाबाई सकाळी म्हणाल्या होत्या. "तूच नाही गेली तर लोक काय समजतील, ते मी बोलून दाखवू का?"

बोलून दाखवायची गरज नव्हती. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पाळणा हलला नव्हता. गल्लीत कोणाचं लेकरू तापलं की दोन-चार नजरा आधी सुनंदाच्या उंबऱ्याकडे वळायच्या, मग डॉक्टरच्या चिठ्ठीकडे.

तिची पाळी आली. आतापर्यंतचे सगळे ग्लास कळशीतून भरले गेले होते. तिच्या ग्लासासाठी बाबांचा हात मडक्याकडे गेला.

ग्लास तोंडाजवळ आला आणि सुनंदाने नळी तशीच धरून आत पाहिलं. पाणी निवळशंख होतं, पण वर सायीपेक्षाही पातळ असा एक पापुद्रा तरंगत होता. वास आला, तो पोळ्याआधी भिंत सारवून चुना मारल्यावर येतो तसा. चुन्याची निवळी. वर्षामागून वर्षं तिने वर्गात हीच निवळी केली होती, आणि मुलींनी एका सुरात घोकलं होतं: चूने का पानी दूधिया हो जाता है. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड लागला की दूधिया. कोणाचाही असो, सासूचा, सुनेचा, देवळातल्या पुजाऱ्याचा.

एक वाक्य पुरलं असतं. ते जिभेच्या टोकावर आलंही. तेवढ्यात मागून एक कुजबुज कानी आली. "आता बघ."

सुनंदाने वाक्य गिळलं. मग तिने जे केलं, ते विज्ञान शिकलेलीलाच सुचलं असतं. छातीतला श्वास तिने वर येऊच दिला नाही. ओठांच्या कोपऱ्यातून बाहेरची कोरी हवा गालांत भरायची, तीच नळीत ढकलायची, पुन्हा गाल भरायचे. बाहेरच्या हवेत तो वायू नावापुरता असतो. बुडबुडे आले, आकडा विसावर गेला, पाणी होतं तसंच राहिलं.

बाबांची नजर क्षणभर मडक्यात डोकावून आली. पण माणूस मुरलेला होता. "विद्येचं तेज," ते म्हणाले. "बघा, जिच्यावर तुमचा संशय, तीच गंगा निघाली."

गोदाबाईंचा हात सुनेच्या पाठीवर पडला. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

तिच्यामागे कोकिळा होती. मडक्यातलं पाणी मिळालेली दुसरी आणि शेवटची. कोपऱ्यावरच्या अंगणवाडीत ती खिचडी शिजवायची. नवरा चार वर्षांपूर्वी गेला होता, पाठीमागे पाच वर्षांची स्नेहल. आजारी पाचही लेकरांनी तिच्या हातचं खाल्लं होतं. बिचारीने लवकर सुटावं म्हणून जीव ओतून फुंकलं. आठ म्हणेपर्यंत पाणी धुरकटलं. वीस म्हणेपर्यंत ग्लासात ताक उभं होतं.

कोणी ओरडलं नाही. फक्त तिच्याभोवतीची जागा मोकळी होत गेली.

"आठ दिवस हिच्या हातचं मुलांना नको," बाबा म्हणाले. "हिचा श्वास कोणत्या लेकरावर पडू नये. पोटच्या पोरीवरसुद्धा नाही. पुढच्या मंगळवारी उतारा करू. पाणी परत साफ झालं तर ठीक. नाही झालं, तर पोरगी हिच्यापाशी ठेवायची की नाही, ते घरच्यांनी ठरवावं."

कोकिळाचा जेठ, नवऱ्याचा मोठा भाऊ वामन, पुढे आला आणि त्याने स्नेहलला उचललं. पोरीचं एक पायताण ओट्याखाली राहिलं. ते कोणीच उचललं नाही.

*

शनिवारी शाळा सुटल्यावर कोकिळा सुनंदाच्या दाराशी आली. उंबऱ्याबाहेर थांबली, पदराने नाकतोंड झाकून. आधी सुनंदाला वाटलं, हिला सर्दी झाली असेल. मग कळलं.

"आत ये गं."

"नको वहिनी. इथूनच विचारते." पदराआडून तिचा आवाज दबून येत होता. "तुम्ही शिकलेल्या आहात. माणसाला माहीत नसताना पाप लागतं का हो? मी चार दिवस आठवून राहिले. आता आजारी आहे ना, त्या भूमिकाला दिवाळीच्या आधी एकदा खिचडी कमी वाढली होती. ती दोनदा मागते, तर म्हटलं बाकीच्यांना पुरायची नाही. ते असेल का?"

सुनंदा उंबऱ्यापर्यंत आली, तशी कोकिळा एक पाऊल मागे सरली.

"आणि एकदा उरलेली खिचडी स्नेहलसाठी डब्यात घातली. एकदाच. तिचं काय चाललं असेल तिकडे? जेठाणीकडे झोपत नाही ती. मी खिडकीखाली उभी राहते, पण तोंड फिरवून."

"कोकिळा, थोडा चहा घे."

"कप उष्टा होईल वहिनी." ती जायला वळली आणि थांबली. "तुमचं पाणी किती साफ निघालं. मी बघत होते. म्हटलं, जीव असावा तर असा."

ती गेली. सुनंदा दाराची कडी धरून तिथेच उभी राहिली. तिची आई खकनारकडची, कापूस वेचता वेचता गाणी जुळवणारी. तीच खोड लेकीत उतरली होती. मूलद्रव्यांचा तक्ता पाठ व्हावा म्हणून तिने मुलींना ओव्या बांधून दिल्या होत्या:

विसाव्या घरात गं नांदे कॅल्शियमबाई
हाडांत नि चुन्यात तिची एकच पुण्याई

आज त्या ओळी ओठांवर आल्या आणि अडकल्या. पुण्याई. सगळ्या वर्गाला तिने ते घर दाखवलं होतं. जिथे दाखवायचं होतं, तिथे मात्र स्वतःची पाटी पुसून उभी राहिली होती. बाबाने फसवलं, कारण तो त्याचा धंदा. तिने का फसवलं? गल्लीला एक पापी हवी होती, दोघींतली एक. सुनंदा गाल फुगवून बाजूला सरली आणि जागा कोकिळाला मिळाली.

संध्याकाळी ती कडूच्या पानटपरीवर गेली. "कडूभाऊ, चुना द्या थोडा."

"वहिनी, तुम्ही पान कधीपासून?" कडूने डबा पुढे केला. "गंमत बघा. ते बाबा सुपारीलासुद्धा शिवत नाहीत, पण त्यांचा भूपेंद्र मागच्या सोमवारी अख्खा डबा चुना घेऊन गेला. मी म्हटलं, मठ रंगवता का काय."

"हे मंगळवारी ओट्यावर सांगाल?"

कडू काथ ढवळत राहिला. "गिऱ्हाईक आहे ना वहिनी." मग म्हणाला, "तुम्ही आधी बोला. मग बघू."

*

मंगळवारी गर्दी दुप्पट. कोकिळा सतरंजीच्या कडेला मान खाली घालून बसली होती. वामन स्नेहलला कडेवर घेऊन लांब उभा होता. बाबांनी मडक्याला हात घातला, एवढ्यात सुनंदा ओट्यावर चढली. हातात पाण्याची बाटली, पिशवीत ग्लास.

"सुनंदा, खाली ये," गोदाबाई दबक्या आवाजात म्हणाल्या.

"आई, एवढं होऊ द्या." ती गर्दीकडे वळली. "मागच्या मंगळवारी माझं पाणी साफ राहिलं, कारण मी फुंकलंच नाही. गालातली हवा सोडली. मडक्यातलं पाणी म्हणजे चुन्याची निवळी आहे, हे मला वासावरून कळलं होतं. कळूनही गप्प राहिले. ही माझ्यामागे उभी होती, तरी गप्प राहिले."

गर्दीतल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. बाबांच्या चेहऱ्यावर मात्र हसू पसरलं.

"सुनो, सुनो. पापाने स्वतः तोंड उघडलं. मी म्हणत नव्हतो, श्वास लपत नाही?"

"पाप माझं आहे," सुनंदा म्हणाली. "पण ते पाण्याने नाही सांगितलं, बाबा. मी सांगतेय. पाण्याला काही कळत नाही."

तिने ग्लास भरला. "रात्री चुना पाण्यात घोळला, सकाळी वरचं पाणी काढलं. एवढंच. सुपडूआबा, फुंका. पोटातून."

"मी?" आबा चपापले. "पंचाहत्तरीत माझं काय पाप निघणार आता?"

"निघालं तर गावजेवण घाला," कोणी तरी म्हणालं.

आबांनी फुंकलं. दूध. गोदाबाई सुनेकडे रोखून बघत पुढे आल्या, त्यांनी फुंकलं. दूध. वामनने पोर खाली ठेवली, नळी घेतली. त्याचं तर दहाच्या आत पांढरं झालं. लोक हसायला लागले, पण ते हसू कसनुसं होतं.

"आता बाबांनी," सुनंदा म्हणाली.

"माझा आज मौनश्वास आहे," बाबा म्हणाले.

"मग कडूभाऊंचा सोडा फुंकेल. भाऊ, बाटली."

कडूने टोपण उडवून बाटली दिली. सुनंदाने चौथ्या ग्लासात थोडासा सोडा ओतला. पाणी पांढरं झालं.

"या सोड्याने कोणाच्या लेकराचं वाईट चिंतलं?" ती म्हणाली. "सोड्यात तोच वायू असतो, जो आपण श्वासातून सोडतो. तो चुन्याच्या पाण्यात मिसळला की पांढरी भुकटी तयार होते. तुमच्या हंड्याच्या बुडाशी पांढरा थर बसतो ना, जो खरवडून जात नाही? तीच ही. आणि आज व्हायचा होता तो उतारा बघा." तिने सोडा ओतत नेला. पांढरं पातळ झालं, विरलं, पाणी पुन्हा नितळ. "वायू जास्त झाला की भुकटी विरघळते. जास्त वेळ फुंकायला लावलं की झाला उतारा. कळशीत साधं पाणी, मडक्यात निवळी. सोडायचं कोणाला आणि धरायचं कोणाला, हे ग्लास भरतानाच ठरलेलं."

"आणि चुना माझ्याकडून नेला," कडू आता खणखणीत बोलला. "या भूपेंद्रने."

भूपेंद्र ग्लास गोळा करायला लागला. बाबा म्हणाले, जिथे श्रद्धा नाही तिथे क्षणभर थांबणार नाही. तेवढा एक शब्द त्यांनी खरा केला. रिक्षाने गेले.

दुसऱ्या दिवशी आबा आणि चार जण गटारात उतरले. नळाचा पाइप एका सांध्यापाशी उघडा होता आणि गटाराचं पाणी त्याच्यावरून वाहत होतं.

पण त्याआधी, ओट्यावरची गर्दी पांगत असताना, स्नेहल धावत येऊन आईच्या गळ्यात पडली होती. कोकिळाने सवयीने पदर तोंडावर ओढला. मग तिच्या लक्षात आलं आणि तिने तो हळूच खाली घेतला. पोरीच्या केसांत तोंड खुपसून ती कितीतरी वेळ श्वास घेत राहिली, सोडत राहिली.

सुनंदा जवळ गेली. "कोकिळा, मला माफ कर."

कोकिळाने वर पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

"मला माहीत नव्हतं वहिनी, म्हणून मी मान खाली घातली," ती म्हणाली. "तुम्हांला माहीत होतं." आणि पोरीला उचलून ती घरी गेली.

सुनंदाने ओट्यावरचे आपले ग्लास उचलून पिशवीत घातले. तुमच्या गल्लीत असा कोणी येईल तेव्हा त्याला दोनच गोष्टी विचारा: या पाण्यात काय घातलंय, आणि हेच पाणी घेऊन तुम्ही स्वतः फुंकाल का? चुना, श्वास, पाणी जात-पात बघत नाहीत, विधवा बघत नाहीत, वांझ बघत नाहीत. बघतो तो ग्लास भरणारा. ज्यांना हे ठाऊक नाही, त्यांनी विचारावं. विचारण्यात कमीपणा नाही. आणि ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी पुढच्या मंगळवारची वाट बघू नये. तोवर कुठल्या तरी लेकराला आईवाचून आठ दिवस काढावे लागतात, आणि ते आठ दिवस कोणत्याही उताऱ्याने परत येत नाहीत.