अंगुस्तानाएवढा अडॅप्टर

आईने पिशवीतून आधी कॉलरचं कॅनव्हास काढलं, मग काळ्या दोऱ्याची रिळं, आणि सगळ्यात शेवटी, त्यात काही विशेष नाही अशा थाटात, एक पुठ्ठ्याचं खोकं शिवणयंत्राच्या फळीवर ठेवलं.

"घे," ती म्हणाली. "मिळत नाही मिळत नाही म्हणत होतीस. मिळालं."

थोरलीची त्या दिवशी अर्धी पाळी होती. औषधांच्या दुकानात सकाळपासून उभं राहून पोटऱ्या भरून आल्या होत्या, आणि ती नुकतीच चपला काढून भिंतीला टेकली होती. खोकं हातात न घेताच तिने वरचं वाचलं. वायरलेस यूएसबी अडॅप्टर. ते तिने पुन्हा एकदा वाचलं.

"कुठे मिळालं?"

"दुकानात. भाजीवाल्याकडे मिळतं का? चौकापलीकडचा तो विजेच्या सामानाचा दुकानदार नाही का, त्याच्या बायकोचं पोलकं शिवलं होतं मी. बोलका आहे हो फार. ऊठ आता, लाव."

खिडकीखालच्या टेबलावर, फुलाफुलांच्या कापडाच्या झाकणाखाली, संगणक होता. तो भोंगाने घेतलेला. भोंगा म्हणजे धाकटा. तान्हा असताना तो रडायला लागला की चौकापर्यंत ऐकू जायचं, म्हणून हे नाव पडलं आणि मिशा फुटल्या तरी सुटलं नाही. दूरच्या शहरात नोकरीला जायच्या आधी त्याने आईला या टेबलाशी बसवून शिकवलं होतं: असा आवाज आला की इथे क्लिक करायचं, मी दिसेन. आणि तो दिसायचाही. आधी दर रविवारी, मग सवड मिळेल तशी, मग आईने चार वेळा फोन लावला की एकदा. तेवढ्यात एका संध्याकाळी वीज कोसळली. वरच्या मजल्यावरून नेटची जी वायर खाली आली होती ती जळाली, आणि संगणकाच्या पाठीमागचं, ती वायर ज्यात जाते ते भोकही जळालं. बाकी यंत्र धडधाकट राहिलं.

तेव्हापासून आईच्या लेखी गोष्ट अगदी सरळ होती. पोरगा तिकडून हाका मारतोय आणि इकडे यंत्र बहिरं झालंय. त्याचा मोबाइलचा नंबरही बंद झाला होता, नवा त्याने कळवला नव्हता. "कळवणार कसा?" आई म्हणायची. "तो कळवतो तिथे आपलं जळालंय." माझ्या फोनवर का नाही करत मग, असं थोरलीने एकदा विचारलं, तर आईकडे त्याचंही उत्तर तयार होतं: जुन्या फोनबरोबर तुझा नंबर गेला असेल, पोरांना कुठे पाठ असतात नंबर.

थोरलीने एकदा खात्री करून घेतली होती. दुकानाचे मालक जेवायला गेले असताना तिथल्या संगणकावर तिने आईचं ते व्हिडिओ कॉलचं खातं उघडलं. भोंगाकडून काहीही आलेलं नव्हतं. चुकलेला फोन नाही, एक ओळ नाही. त्याच्या नावापुढे मात्र हिरवा ठिपका होता. म्हणजे तो त्या वेळी तिथेच होता, पलीकडे, जागा. तिने ते बंद केलं, घरी आली आणि भाजी निवडता निवडता म्हणाली, "अगं, नेटचा तो भाग आता मिळत नाही. आपलं यंत्र फार जुनं आहे." पुढे आईने विचारलं की ती हेच सांगायची. सांगून सांगून ते वाक्य तिच्या तोंडात गुळगुळीत झालं होतं.

आता आईने चष्मा पुसला, तिपाई ओढली आणि संगणकावरचं झाकण काढून घडी करून मांडीवर घेतलं. खोक्यातून निघालं ते एवढंसं: टोपण असलेला एक काळा तुकडा, एक सीडीची तबकडी, आणि मुंगीच्या अक्षरातली एक पुस्तिका. आईने तो तुकडा बोटाच्या टोकावर धरून बघितला.

"अंगुस्तानाएवढं आहे," ती म्हणाली. टाके घालताना सुई टोचू नये म्हणून ती बोटात जी पत्र्याची टोपी घालायची, तिच्याएवढंच ते होतं खरं. "एवढ्याशातून माणूस येणार?"

"माणूस येत नाही. नेट येतं."

"तेच ते."

थोरलीने टोपण काढलं आणि अडॅप्टर संगणकाच्या पुढच्या खाचेत घालायला गेली. जाईना.

"उलटं धरलंयस."

तिने फिरवलं. तरी जाईना.

"आता उलटं झालं. आधी बरोबर होतं, नीट दाबलं नाहीस. काजातून बटण असं घालतात का?"

तिसऱ्या खेपेला ते बसलं. संगणकाने टुंग केलं, आई पुढे सरसावली, आणि पडद्यावर पाटी आली: हे उपकरण ओळखता आलं नाही.

थोरलीला हायसं वाटलं. आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली, म्हणून ती नेहमीपेक्षा जास्त समजुतीने बोलायला लागली. "हे बघ, नवं गिऱ्हाईक आलं तर माप घेतल्याशिवाय तू कपडा बेततेस का? तसंच आहे हे. यंत्राला याचं माप माहीत नाही. ते माप म्हणजे ड्रायव्हर. तो आत भरला की मग यंत्र याला ओळखेल."

"मग भर की. कुठे असतो?"

"या तबकडीत."

तबकडीचा कप्पा उघडायचं बटण तिने दाबलं. आतून घरघर झाली आणि थांबली. पुन्हा दाबलं. पुन्हा घरघर.

"झालं," थोरली म्हणाली. "कप्पा अडकलाय. इतके दिवस बंद पडून होता. ड्रायव्हर नेटवरूनही उतरवता येतो, पण नेट नाही म्हणून तर हा खटाटोप."

"म्हणजे दोरी विहिरीत पडलीय, आणि काढायला दोरी हवी."

"हो ना. राहू दे आता. उद्या त्या दुकानदाराला परत देऊन ये."

आई मात्र वाकून कप्प्याकडे बघत होती. कापडातली वीण बघताना बघायची तशी. "हे बारीक भोक कशाला ठेवलंय?"

थोरलीला माहीत होतं कशाला ते. "असेल काहीतरी," ती म्हणाली.

"उगीच कोणी भोक पाडत नाही." आईने फळीवरच्या सुयांच्या गादीतून गोधडीची जाड सुई उपसली, भोकात सरळ घातली आणि हलकेच दाबली. टक् झालं आणि कप्पा अर्धा बाहेर आला. "बघ, जीभ काढली त्याने तुला."

एरवी थोरली हसली असती. तिने तबकडी ठेवली. पडद्यावर एक पट्टी डावीकडून उजवीकडे भरायला लागली, मध्येच अडली, पुन्हा सरकली. आई त्या पट्टीकडे बघत होती. वरच्या ओठावर घाम आला होता तोही तिने पुसला नाही. पट्टी भरली आणि अडॅप्टरच्या टोकाला बारीक दिवा लुकलुकायला लागला.

"डोळा मारतोय," आई म्हणाली.

मग आजूबाजूच्या घरांतल्या नेटची नावं दिसायला लागली. कोणी स्वतःचं नाव दिलं होतं, कोणी कुत्र्याचं, आणि एकाने लिहिलं होतं, 'मागू नका'. हे वरच्या काकांचं. पण आईने ते आधीच मागून ठेवलं होतं. काकांच्या दोन विजारी ती कमरेत सैल करून देणार होती. तिने जिन्याच्या दारातून वर तोंड करून हाक मारली. काका कठड्याशी आले आणि सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी आपला गुप्त पासवर्ड सांगितला. "सगळी अक्षरं लहान, मध्ये जागा सोडायची नाही. बोला लेकाशी निवांत. फक्त सिनेमे लावू नका हो, मला चाचरत दिसतं मग."

थोरलीने पासवर्ड भरला. मधलं एक अक्षर तिने मोठं केलं. ते हाताने केलं की मनाने, हे तिलाही धड सांगता आलं नसतं.

"चुकला म्हणतंय," ती म्हणाली. "काकांनाच आठवत नसेल. बदलला असेल."

"सगळी लहान म्हणाले ते. तू एक मोठं केलंस." आईचा आवाज शांत होता. "उसवून पुन्हा शिवायचा मला कंटाळा नाही. घाल परत."

थोरलीने मान वर करून तिच्याकडे बघितलं. आई पडद्याकडेच बघत होती. मग थोरलीने पासवर्ड पुन्हा भरला, या वेळी नीट, आणि नेट लागलं.

आईने केस कानामागे घेतले. गळ्यातली मापाची टेप काढून ठेवली. भोंगाने शिकवलेलं ते चित्र तिने स्वतः शोधलं आणि स्वतः क्लिक केलं. खातं उघडलं. भोंगाचं नाव होतं, फोटो होता, कुठल्याशा पुलावर ऊन डोळ्यांवर घेऊन काढलेला. खाली जुने फोन ओळीने दिसत होते. शेवटचा वीज पडायच्या आधीचा, आईने लावलेला. त्यानंतर पांढरं.

आईने ते वर सरकवलं, खाली आणलं, पुन्हा वर नेलं. पडलेली टाचणी शोधताना ती असाच फरशीवरून हात फिरवायची.

"मधल्या काळात आलेले कुठे दिसतात?"

"इथेच."

"इथे तर काही नाही."

"नाही."

खालच्या रस्त्यावर कोणीतरी दुकानाचं शटर ओढलं. मग आईने पडद्यावर बोट ठेवलं. "हा हिरवा ठिपका कसला?"

तो तसाच असतो, असं म्हणता आलं असतं. वाक्य ओठांपर्यंत आलंही होतं. पण आईचं बोट त्या ठिपक्यावर इतकं हलकं टेकलं होतं की थोरलीच्याने ते म्हणवलं नाही. "तो आत्ता तिथे आहे," ती म्हणाली. "त्याचं चालू आहे."

"मग लावते."

आईने लावला. रिंग जायला लागली, तीच ती जुनी, पाण्यात खडे टाकल्यासारखी. पडद्याच्या कोपऱ्यात आईचा स्वतःचा चेहरा उमटला. तो जरा वाकडा दिसला म्हणून ती सावरून बसली. दोघी वाट बघत राहिल्या. रिंग मध्येच तुटली. पाटी आली: कॉल नाकारला. ती वाचून होते न होते तोच ठिपकाही राखाडी झाला.

"त्याचं नेट गेलं असेल," थोरली म्हणाली. आपलाच आवाज तिला औषधं देतानाचा वाटला.

वरून काकांनी हाक दिली, "काय हो, लागला का?"

"लागला, काका," आईने इथूनच उत्तर दिलं. आवाजात एक सुरकुती नव्हती. "बोलला. बरा आहे."

"छान, छान. विजारी उद्या दिल्यात तरी चालतील."

काकांचं दार लागल्याचा आवाज आला. आई तिपाईवर तशीच बसून होती. मांडीवरच्या घडीच्या कडा ती बोटाने जुळवत होती, आधीच जुळलेल्या होत्या तरी.

"दुकानदार म्हणाला, हे कैक वर्षं मिळतंय. कुठल्याही जुन्या यंत्राला चालतं म्हणे. त्याच्याकडे टोपलीत पडली होती ढिगाने." ती थांबली. "मी म्हटलं, माझी थोरली तर म्हणते मिळत नाही. तो हसला. म्हणाला, त्यांना माहीत नसेल. तुला माहीत नसेल होय?"

थोरली पुस्तिका खोक्यात घालायला लागली.

"घरी येईस्तोवर विचार करत आले. अर्ध्या रस्त्यात कळलंही. एकदा वाटलं, तिथेच कट्ट्यावर ठेवून द्यावं. पण हातात घेतलेलं ठेववत नाही."

"आई, मी तुला सांगणार होते—"

"काय सांगणार होतीस? तू बघितलं होतंस कुठेतरी."

"हो."

"तेव्हाही हिरवाच होता?"

थोरलीने खाली बघितलं. फरशीवर चिंध्या पडल्या होत्या, निळ्या आणि करड्या. "हो," ती म्हणाली.

आईने मान हलवली, एखाद्या गिऱ्हाइकाने माप सांगावं आणि ते ध्यानात ठेवावं तशी. मग तिने वाकून अडॅप्टर उपसला. निघताना तो एका झटक्यात निघाला. तिने त्याला टोपण घातलं, शिवणयंत्राचा खण उघडला आणि गंजक्या डबीत, दोन अंगुस्तानांच्या शेजारी, तो ठेवून दिला.

"असू दे ना लावलेला," थोरली म्हणाली. "कधी त्याला वाटलं, आणि त्याने लावला—"

"नको."

"मी बदलून वेगळा आणते. कदाचित याचाच—"

"याचं काही बिघडलेलं नाही गं," आई म्हणाली. "आधीचं बरं होतं. आधी निदान वायर जळालेली होती."

संगणकाचा पडदा अजून उजळलेला होता आणि सांगत होता की नेट जोडलेलं नाही. थोरलीने तो बंद केला. झाकण घालायचं म्हणून तिने हात पुढे केला, पण आईने ते दिलं नाही. उठून ती शिवणयंत्राशी गेली, फळीवर झाकणाचं कापड पसरलं, हाताने सपाट केलं आणि त्यावर टेप धरली. एका कोपऱ्यावर उन्हाने रंग उडाला होता. तेवढा भाग बाहेर राहील अशा बेताने तिने खडूने रेघ मारली.

"कापड चांगलं आहे," ती म्हणाली. "उशीचे दोन अभ्रे होतील. ती कातर दे."

थोरलीने कातर दिली.