येथे वाट संपते

माझ्या एकशे सदतिसाव्या पानावर मेणाचा एक थेंब आहे. रुंदी चार मिलिमीटर, म्हणजे जवळपास मसुराच्या दाण्याएवढी. रंग पिवळसर. बोटाने चाचपले तर उंचवटा अजून लागतो. पानाच्या मागच्या बाजूला त्याचा तेलकट डाग उतरला आहे. एवढ्याशा थेंबापायी मी रद्दीत जाता जाता राहिलो.

मित्रांनो, मी एक जुने पुस्तक आहे. जमिनीखालच्या गुहांमध्ये पहिल्यांदा उतरलेल्या माणसांची हकिकत माझ्यात आहे. माझे लेखक शाळेत चित्रकला शिकवत. सुट्टी लागली की दोराची शिडी आणि मेणबत्त्या घेऊन ते गुहा धुंडाळायला निघत. खोली मोजायला त्यांच्याजवळ गाठी मारलेली सुतळी होती. एकदा ती भिजून आखडली आणि सगळी मापे चुकली. ती चूक त्यांनी झाकली नाही. ‘आमची सुतळी ओली होती, तेव्हा या पानावरचे आकडे खरे धरू नयेत,’ असे चक्क छापून टाकले. जिथे पाय लटपटले, तिथे ‘मी फार घाबरलो’ असेही लिहिले. छापखान्यात माझ्या अक्षरांचे खिळे जुळवणारा कामगार मधेच हात थांबवून पुढचे वाचत बसे, आणि मुकादमाच्या शिव्या खाई.

एकशे सदतिसाव्या पानावर सर्वांत लांब गुहेचा नकाशा आहे. तिच्या टोकाशी बारीक टाइपात चार ओळी, आणि शेवटी तीन शब्द: ‘येथे वाट संपते.’

मी वाचनालयात आलो तेव्हा माझा कापडी पुठ्ठा गर्द निळा होता. मला नेण्यासाठी लोक नाव लावून ठेवत. जेवताना वाचल्याच्या खुणा माझ्या अंगावर आहेत, पांघरुणात वाचल्याच्या घड्याही आहेत. एका बाईंनी मला परत करताना सांगितले होते, “आमच्याकडे तीन दिवस कुणी माळ्यावर चढलं नाही हो, मुलांनी तिथे गुहा केली होती!”

मग एके दिवशी मला मोजणी खात्यात नव्याने लागलेल्या एका तरुणाने नेले. त्याने मला मेणकापडात गुंडाळले, पिशवीत घातले आणि आपल्या जोडीदाराबरोबर थेट नकाशातल्या त्या गुहेतच उतरवले! जन्मभर ज्या अंधाराविषयी मी बोलत आलो, तो मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. ओल्या दगडाचा वास माझ्या पानापानांत शिरला. टोकाशी पोचल्यावर त्याने मला गुडघ्यावर उघडले आणि मेणबत्ती भिंतीजवळ धरली. भिंतीत चार बोटे रुंद फट होती. ज्योत फटीकडून त्याच्याकडे वाकली. वाकलेल्या ज्योतीची मेणबत्ती एकाच बाजूने ओघळते. तसा एक थेंब माझ्या पानावर पडला.

“अरे, आतून वारा येतोय!” तो जोडीदाराला म्हणाला. त्याने खिशातली पेन्सिल काढली आणि छापील तीन शब्दांपुढे लिहिले, ‘संपत नाही. वारा येतो.’

बाहेर उजेडात आल्यावर मात्र त्याचा चेहरा उतरला. वाचनालयाचे पुस्तक गुहेत नेले, त्यावर मेण सांडले, वर पेन्सिलने खरडले. तेव्हाचे ग्रंथपाल दुमडलेल्या पानासाठीसुद्धा सभासदाला सर्वांसमोर उभे करत. याने मला मुकाट्याने परत केले. वाऱ्याविषयी बोलायचे तर थेंबाविषयीही बोलावे लागणार, म्हणून तो दोन्हींविषयी गप्प बसला. अकरा वर्षांनी दुसऱ्याच लोकांनी ती फट रुंद केली. पलीकडे प्रचंड दालन निघाले. नवी पुस्तके आली, रंगीत फोटो आले, नवा नकाशा आला. माझा नकाशा खोटा ठरला. मला न्यायला कुणी येईनासे झाले.

तो येत राहिला. आता तो मोजणीदार आजोबा झाला आहे. दर बुधवारी चारच्या सुमारास तो मला काढी, खिडकीपाशी तासभर वाची आणि स्वतःच्या हाताने परत जागेवर लावून ठेवी. आणि इथेच घोटाळा झाला. आमच्या वाचनालयात पाटी आहे: ‘वाचून झालेली पुस्तके टेबलावरच ठेवावीत.’ संध्याकाळी शिपाई टेबलावरची पुस्तके मोजतो. कोणते पुस्तक वाचले जाते, हे त्यावरून कळते. आजोबा मला टेबलावर ठेवत नसे, कारण न जाणो, कुणी उघडले आणि ते पान दिसले तर! त्यामुळे माझ्या नावापुढे वर्षानुवर्षे शून्य. मित्रांनो, पुस्तक जपा, पण जपता जपता लपवू नका. वाचलेत तर ते कुणाला तरी कळू द्या. आम्हाला जगायला तेवढे पुरते.

हल्ली मी खिडकीजवळच्या टेबलावरच असतो. तिथे कसा आलो, ते एका बुधवारचे सांगायचे राहिले.

त्या दिवशी मी सुतळीने बांधलेल्या गठ्ठ्यात होतो. आजोबा माझ्या रिकाम्या जागेपुढे उभा राहिला, मग गठ्ठ्यापाशी आला.

“बाई, हे का बांधलंय?”

“रद्द करायच्या यादीत आहे, आजोबा,” ग्रंथपाल बाई म्हणाल्या. “नऊ वर्षांत कुणी हातसुद्धा लावलेला नाही.”

“मी लावतो की! दर बुधवारी.”

“यांना बघून तर मी घड्याळ लावतो, बाई,” शिपाई म्हणाला. “पण आजोबांचं टेबल नेहमी चकाचक. मोजायचं काय, कपाळ?”

“पाटी एवढी मोठी लावलीय, आजोबा. जागेवर का ठेवता?”

बाईंनी मला गठ्ठ्यातून ओढून काढले आणि पाने उलटली. एकशे सदतिसाव्या पानाशी त्यांचे बोट थांबले.

“हे बघा. मेण सांडलंय, वर लिहूनही ठेवलंय. नकाशाही चुकीचाच. नव्या पुस्तकात सगळं बरोबर मिळतं की.”

“मिळतं,” आजोबा म्हणाला. “पण त्यात सगळं आधीच ठाऊक असतं हो. यात तो माणूस दर पानाला नव्याने घाबरतो, आणि तरी पुढे जातो. मला ते...” तो अडखळला.

“मला कळतंय. पण असं खराब केलेलं पुस्तक मी कोणत्या तोंडाने ठेवून घेऊ? कुणी केलं, कधी केलं, काही पत्ता नाही.” बाईंनी ‘रद्द’चा शिक्का शाईच्या डबीवर दाबला.

आजोबाने टेबलाची कड धरली. एक्केचाळीस वर्षांपूर्वी पेन्सिल धरलेली ती बोटे मला लगेच ओळखू आली.

“थांबा, बाई,” तो म्हणाला. “ते अक्षर माझं आहे. आणि मी ते घरी बसून नाही लिहिलं. खाली, त्या भिंतीसमोर बसून लिहिलंय.”